चातुर्मासाचं उद्यापन

आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या बायका गाडी उत्तम चालवायच्या. पुण्यात ज्यांनी स्कूटीच्या पुढे कशाला हात लावला नव्हता, त्यासुद्धा इंग्लंडमध्ये आल्यावर वर्षभरात ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्या होत्या. याचं नवऱ्यांना फार कौतुक. "आमच्या बायका एकदम इंडिपेंडंट आहेत," असं ते ग्लास हातात धरून सांगायचे. खरं कारण एवढंच होतं की पार्टी संपल्यावर कोणीतरी शुद्धीतलं माणूस स्टिअरिंगवर लागायचं, आणि ते माणूस आम्ही होतो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सहा वर्षं. आम्ही मेडनहेडला राहत होतो. नवरा एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, मी दुसऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंग करायचे, आणि मुलगी तिथल्याच प्रायमरी शाळेत जायची. आमच्यासारखीच पुण्या-मुंबईकडून आलेली चार-पाच घरं मोटरवेच्या आजूबाजूला विखुरलेली होती. दर पंधरा दिवसांनी कोणाकडे तरी सगळे जमायचे. मुलं वरच्या मजल्यावर, बायका किचनमध्ये, पुरुष कन्झर्व्हेटरीत. कन्झर्व्हेटरी म्हणजे घराला मागून जोडलेली काचेची खोली. उन्हाळ्यात तिची भट्टी व्हायची आणि हिवाळ्यात दात वाजायचे. पण पुरुषांना तिथे ना ऊन लागायचं, ना थंडी.

आपल्याकडे पंगतीत जिलबीचा आग्रह करतात. पाहुणा नको म्हणतो, पानावर हात आडवा धरतो, मग वाढणारा हातावरच वाढतो आणि सगळी पंगत हसते. नको म्हणणारा लाजून नको म्हणतोय, हे आपण धरूनच चालतो. हा आग्रह आमच्या मंडळींनी जसाच्या तसा ग्लासात ओतला. "माझी शपथ आहे तुला." "हा एकच, माझ्याकडून." "काय रे, बायकोला घाबरलास?" भारतातून परत येणारा प्रत्येक जण ड्यूटी फ्रीची बाटली आणायचा, जसे पूर्वी लोक कोणाकडे जाताना पेढे न्यायचे. माझ्या ऑफिसातले इंग्रज काही कमी पीत नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी पबच्या बाहेर फुटपाथवर उभे राहून ते असे प्यायचे की बघवायचं नाही. पण मी नको म्हटलं की ते ऑरेंज ज्यूस आणून द्यायचे आणि विषय संपायचा. आमच्यात नको या शब्दाला किंमतच नव्हती.

आणि या सगळ्याला आम्ही दारू म्हणत नव्हतो. दारू गवंडी पितो, रिक्षावाला पितो, आणि मग रस्त्यात पडतो. इंजिनीअर नुसता 'घेतो'. तेही सोशली, विकेंडला, चांगल्या ब्रँडची. घेणारा माणूस दारुडा होऊच शकत नाही, कारण त्याच्या घराचं मॉर्गेज चालू असतं आणि त्याची मुलगी व्हायोलिन शिकत असते.

माझा नवरा वाईट नव्हता. हे मी आधीच सांगते, कारण असली गोष्ट ऐकताना लोक पहिल्यांदा तेच शोधतात. त्याने कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. उलट प्यायल्यावर तो फार गोड वागायचा, नकला करायचा, आणि सगळे म्हणायचे, "याला चढल्याशिवाय पार्टीला रंग नाही." पंधरवड्याचं दर शनिवारी झालं, शनिवारचं रोज झालं. मग गराजमध्ये रंगाच्या डब्यांच्या मागे पाण्याच्या बाटल्या सापडायला लागल्या. त्यांत पाणी नव्हतं. सकाळी तो दाढी करायचा तेव्हा गालावर दोन-तीन ठिकाणी कापायचं. मी विचारलं की म्हणायचा, "रेझर चांगलं नाहीये." मी रेझर बदललं. मी तरी काय करणार होते?

काउन्सिलचा रिसायकलिंगचा ट्रक आला की आमच्या बॉक्समधल्या बाटल्या ओतल्याचा आवाज गल्लीभर जायचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई ट्रक गेला की पडदा सरळ करायच्या. म्हणून मी बाटल्या मुलीच्या जुन्या स्कूल बॅगेत भरून सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये न्यायला लागले. तिथे काच टाकायच्या मोठ्या लोखंडी पेट्या होत्या. एका दुपारी तिथे मला एक मैत्रीण भेटली. आमच्याच ग्रुपमधली, शेजारच्या स्लाउ गावची, डॉक्टरची बायको. तिचा नवरा हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचा. स्लाउमध्ये काय काच टाकायला जागा नव्हती? पण ते मी विचारलं नाही, आणि माझ्या हातात स्कूल बॅग का आहे, हे तिने विचारलं नाही.

"लोणच्याच्या बरण्या," ती म्हणाली.

"माझ्यापण," मी म्हटलं.

"किती साठतात ना?"

मग आम्ही दोघी आपापल्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून त्या पेटीत टाकत राहिलो आणि मुलांच्या स्विमिंगबद्दल बोलत राहिलो. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्याकडे खाणारे कन्झर्व्हेटरीत मजेत होते आणि खवखव आम्हाला होती.

जुलैमध्ये एका सकाळी त्याला दात घासताना उलटी झाली आणि बेसिन लाल झालं. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये पहिले दोन-तीन दिवस त्याचे हात इतके थरथरायचे की चमचा तोंडापर्यंत जायचा नाही. चादरीवरच्या मुंग्या तो झटकत बसायचा. मुंग्या नव्हत्या. नर्सने औषध दिल्यावर त्या गेल्या. मग एक कन्सल्टंट आल्या, माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेल्या. त्या त्याच्याशी बोलल्या, पण मी ऐकतेय याकडे त्यांचं लक्ष होतं. लिव्हर खूप खराब झालं आहे, पण अजून वेळ गेलेली नाही, असं म्हणाल्या. यापुढे एकही ड्रिंक नाही. कमी नाही, अधूनमधून नाही, कधीच नाही. तुम्हाला मुलीचं लग्न बघायचं असेल तर एवढं एकच करायचं आहे. इतकं सरळ आमच्याशी तोवर कोणीच बोललं नव्हतं. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्याला घरी आणलं, भात-वरण वाढलं, आणि जेवण संपायच्या आत त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "आता लोकांना काय सांगायचं?"

लोकांना तोपर्यंत फूड पॉयझनिंग सांगितलं होतं. पण फूड पॉयझनिंग झालेला माणूस पुढच्या पार्टीला ग्लास का धरत नाही, हे सांगावं लागणार होतं. व्हिसाची भीती नव्हती, आम्हाला इथे कायमचं राहायची परवानगी मिळून वर्ष झालं होतं. म्हणजे भीती सरकारची नव्हतीच. ती आपल्याच माणसांची होती.

"आषाढी एकादशी आत्ताच झाली," सासूबाई म्हणाल्या. "चातुर्मास धरलाय म्हणून सांग. श्रावणात तर सगळेच सोडतात, तू पुढे कार्तिकीपर्यंत ओढ. कोणी काही विचारणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अहो आई, डॉक्टर कायमची सोडा म्हणाल्यात," मी म्हटलं. "चार महिने नाही."

"कायमचं पुढे बघू. आधी चार महिने तर जाऊ देत."

नवऱ्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा झाला. कन्सल्टंटसमोर तो असा झाला नव्हता. हॉस्पिटलने एका ग्रुपचा पत्ता दिला होता. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये दारू सोडलेली माणसं जमायची. मी त्याला एकदा सोडायला गेले. तो आत गेला आणि गाडीत माझ्या हातातला चहा गार व्हायच्या आत परत आला. "एक प्लंबर होता, एक रिटायर्ड हेडमास्टर," तो म्हणाला. "उभं राहून सांगायचं असतं, मी असा आहे म्हणून. मी काय तसा आहे का? माझा चातुर्मास आहे." शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला. मला वाटलं, गंमत करतोय.

ग्रुपमध्ये बातमी पसरली आणि त्याचा भाव वधारला. "मानलं बुवा तुला," पुरुष म्हणाले. "इथे राहून कोण करतं एवढं?" बायकांनी आपापल्या नवऱ्यांना, "शिका काहीतरी," म्हणून टोमणे मारले. ज्या लोकांनी वर्षानुवर्षं त्याचा हात धरून ग्लास भरला होता, तेच आता त्याच्यासाठी न विचारता कोकम सरबत करून ठेवायचे. एकानेही आग्रह केला नाही. शपथ घातली नाही. नेम आहे म्हटल्यावर कसा मोडायचा? देवाच्या शब्दाला त्यांनी मान दिला. माणसाच्या दिला असता तर किती बरं झालं असतं.

ते चार महिने माझ्या लग्नातले सगळ्यात सुखाचे होते, आणि हे सांगतानाही मला राग येतो. त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला. रविवारी सकाळी तो उठून पोहे करायचा, शेंगदाणे जाळायचा, आणि तेच कुरकुरीत म्हणून खायला लावायचा. नदीकाठच्या वाटेवर त्याने मुलीला सायकल शिकवली. मागून सीट धरून पळताना त्याला दम लागायचा, पण तो पळायचा. रात्री त्याच्या अंगाला साबणाचा वास यायचा. एवढ्याशा गोष्टीने मला रडू यायचं. मला वाटायचं, सासूबाईंचं चुकलं नाही, माझंच चुकलं. माणूस खोट्याच्या आधाराने का होईना, उभा तर राहिला.

फक्त ऑक्टोबरमध्ये तो मधूनच विचारायला लागला, "कार्तिकी कधी आहे गं यंदा?" ज्याला आपल्या लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नव्हता, तो माणूस. मी म्हणायचे, "कार्तिकीचं काय? तुला काय सोडायचं आहे?" तो म्हणायचा, "सहज विचारलं."

सासूबाई भाऊबीज झाल्यावर पुण्याला परत गेल्या. हीथ्रोवर आत जाताना त्यांनी माझा हात धरला. "बघ, सुटली की नाही?" म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मुलाला वाचवलं होतं.

कार्तिकी झाली. त्यानंतरच्या रविवारी दुपारी ग्रुपमधल्या, लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या मित्राने सगळ्यांना जेवायला बोलावलं. आम्ही पोचलो, तर मुलांना वर पाठवून झालं होतं आणि आम्हाला थेट कन्झर्व्हेटरीत नेलं. मध्ये पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी होती. पाटावर सिंगल माल्टची बाटली, तिला हळदकुंकू लावलेलं, गळ्यात कागदी फुलांचा हार, बाजूला सुपारी आणि केळी.

"उद्यापन!" पिनरचा मित्र म्हणाला. "एवढा कडक नेम केलास, उद्यापन नको करायला? नाहीतर फळ मिळत नाही बाबा."

सगळे हसले. कोणीतरी कॅमेरा काढला. रांगोळी कोणाच्या तरी बायकोने काढली होती, छान काढली होती, कडेला तुळशीवृंदावनसुद्धा होतं. बाटली सगळ्यांनी मिळून आणली होती, त्याच्या आवडीची. प्रेमाने केलं होतं सगळं. हेच मला आजही सोसत नाही. शत्रूंनी केलं असतं तर तोंड भरून शिव्या तरी देता आल्या असत्या.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो आता नको म्हणेल. मग मला कळलं की तो परवानगी मागतोय.

मी सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, उभ्याउभ्या. "त्याला चालणार नाही. जुलैमध्ये फूड पॉयझनिंग नव्हतं. रक्ताची उलटी झाली होती. लिव्हर खराब झालंय, आणि डॉक्टरांनी एक थेंबसुद्धा नको म्हणून सांगितलंय. कधीच नको. चातुर्मास वगैरे काही नव्हता."

पिनरचा मित्र हळूच, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "वहिनी, पण तो चार महिने राहिला ना? टोटली ड्राय. ज्याला प्रॉब्लेम असतो, तो चार दिवस राहत नाही."

"एक्झॅक्टली," दुसरा म्हणाला. "हा काय दारुडा आहे का?"

मी स्लाउच्या डॉक्टरकडे पाहिलं. निदान तो तरी बोलेल. त्याच्या हातात ग्लास होताच, उद्यापनाची वाट न बघता भरलेला. "लिव्हर एन्झाइम्स थोडे वरखाली सगळ्यांचेच असतात, वहिनी," तो म्हणाला. "फोर मंथ्स गॅप दिलाय, बऱ्यापैकी रिकव्हर झालं असेल. एक स्मॉल घेऊ दे त्याला. एकाने काही होत नाही." त्याची बायको माझ्या मागे किचनच्या दारात उभी होती. मी वळून पाहिलं, तर ती कोशिंबिरीचं भांडं घेऊन आत निघून गेली.

चातुर्मास खोटा होता, पण तो इतका नीट पार पडला होता की आता खरं कोणालाच पटेना. मी जे बोलले ते बायकोची काळजी म्हणून जमा झालं. "तू घाबरू नको गं," नवरा म्हणाला. आवाज शांत होता, मायेचा होता. "मी राहू शकतो, हे मी बघितलंय ना आता? मनात आणलं की सुटते. आज एकच."

पिनरच्या मित्राने त्याला पाटासमोर बसवलं आणि पहिला घोट घेताना फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात तो फार सुंदर दिसतो.

परतताना गाडी अर्थात मी चालवत होते. तो शेजारी झोपला होता. मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, "आई, बाबाची उपास संपली?" एरवी मी तिचं मराठी लगेच सुधारायचे. त्या दिवशी नुसतं हो म्हटलं.

ख्रिसमसच्या आत रंगाच्या डब्यांमागे पुन्हा बाटल्या आल्या. मी ओरडले, रडले, मुलीची शपथ घातली, पुण्याला फोन लावून त्याच्या हातात दिला. तो म्हणायचा, "अगं, सुटते ती. मागच्या वेळी सुटली ना? पुढच्या चातुर्मासात पुन्हा सोडतो." हे तो मनापासून बोलत होता. गुरुवारच्या त्या हॉलमध्ये कोणी त्याला असं बोलू दिलं नसतं. पण तिथे जायला आपण कोण आहोत हे म्हणावं लागतं, आणि आम्ही त्याला त्याहून चांगलं नाव देऊन ठेवलं होतं.

पुढचा चातुर्मास त्याला मिळाला नाही. एप्रिलमध्ये त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच कन्सल्टंटच्या वॉर्डात तो गेला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. अंग हळदीसारखं पिवळं झालं होतं. त्या बाई खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या.

ग्रुपने सगळं केलं. क्रिमेटोरियमची व्यवस्था केली, सासूबाईंना आणायला एअरपोर्टवर गेले, पंधरा दिवस मला गॅस पेटवू दिला नाही. येईल तो म्हणायचा, "हार्टचं काही सांगता येत नाही." हार्ट कुठून आलं, ते मला कळलं नाही. सासूबाईंनीही पुण्यात हार्टच सांगितलं, आणि वर आजतागायत सांगतात, "शेवटच्या वर्षी चातुर्मास पाळला होता माझ्या मुलाने." त्यांना मी काय बोलणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तेराव्याला पिनरच्या घरी पुरुषांनी त्याच्या आठवणीत त्याच बाटलीतली उरलेली घेतली, असं मला नंतर समजलं.

मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. भांडण केलं नाही. बोलावलं की मला काम असायचं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये, स्लाउच्या मैत्रिणीचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी. आधी मुलीचं विचारलं, मग माझ्या नोकरीचं, मग म्हणाली, "आम्हीपण हल्ली कोणाकडे जात नाही गं. ह्याने श्रावण धरलाय ना यंदा."

महाशिवरात्रीला ऑम्लेट खाणारा माणूस तो. मी विचारलं, "काय झालंय त्याला?"

"काही नाही. कुठे काय?" ती भरभर म्हणाली. "तसलं काही नाहीये हं. तुमच्याकडे होतं तसं आमच्याकडे नाहीये."

"बरं," मी म्हटलं. मग ती सप्टेंबरच्या युनिफॉर्मबद्दल बोलली, मुलांचे पाय किती वाढतात त्याबद्दल बोलली. फोन ठेवेल असं वाटलं, पण ठेवेना. शेवटी आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "श्रावण संपल्यावर लोकांना काय सांगायचं गं?"

कोशिंबिरीचं भांडं घेऊन आत गेलेली तिची पाठ मला दिसली. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण लोखंडी पेटीसमोर उभी असलेली तीसुद्धा मला दिसली.

"दारू सोडली म्हणून सांग," मी म्हटलं. "त्याला झेपत नव्हती, सुटत नव्हती, म्हणून सोडली. पिनरला सांग, तुझ्या सासूला सांग, सगळ्यांना सांग. आणि पुन्हा कोणी त्याच्या हातात ग्लास दिला, तर मलाही बोलव."



"असं कसं सांगायचं गं?" ती म्हणाली.